बॅग माझी, पण किती दिवस?

चामडं कापलं की टेबलाखाली कतरण पडते. कुठं बोटाएवढा तुकडा, कुठं पिंपळाच्या पानाएवढा. टाकवत नाही, कारण माल चांगला असतो. वापरता येत नाही, कारण कशालाच पुरत नाही. आमच्या समोरच्या खोलीत तांदळाचं एक अख्खं पोतं अशा तुकड्यांनी भरलंय. किश्शांचंही तसंच झालंय. पाच वर्षं आम्ही चौघी दुपारच्या एकत्र बसून बॅगा शिवतो. रोज काही ना काही घडतं. सांगायला गेलं तर एवढंसं, आणि विसरावं म्हटलं तर विसरवत नाही.

आज माझी कंबर धरलीय. खाली वाकून भोकं पाडायची आरी चालवता येईना, म्हणून म्हटलं, निदान पोतं तरी थोडं रिकामं करू.

मी सुनंदा. माहेर नायगावचं, सासर नांदेड. शिक्षण दहावी. वीस वर्षं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवले. बाकीच्या तिघी म्हणजे शैला मॅडम, महानंदा आणि रुक्साना भाभी. शैला मॅडम झेडपीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. शाळा सकाळची, म्हणून दुपारी मोकळ्या. महानंदा निलंग्याची, लई देवभोळी, आणि अंगानं माझ्या दीडपट. आणि रुक्साना भाभी म्हणजे आमच्या गुरू. त्यांच्या अब्बांचं टांग्याच्या घोड्यांचं सामान शिवायचं दुकान होतं. लगाम, पट्टे, खोगीर. टांगे गेले, दुकान गेलं, अब्बाही गेले. पण एकाच भोकातून दोन सुया दोन बाजूंनी काढायची ती शिवण भाभींच्या बोटांत राहिली.

मोठ्या शहरातल्या काचेच्या दुकानांत असतात ना, तसल्या बॅगा आम्ही करतो. लोकांना आवडतात. आणि मी स्वतः बाजारात जाते ती साडीच्या दुकानातून मिळालेली कापडी पिशवी घेऊन! कारण माझ्यासाठी केलेली प्रत्येक बॅग कुणीतरी नेतं. मला ‘नाही’ म्हणता येत नाही. लहानपणापासून सवयच नाही.

आता तर अशी पद्धतच पडलीय. नवी बॅग खुंटीला लागली की भाभी विचारतात, "ये किसकी?"

मी म्हणते, "माझी."

मग तिघी एका सुरात, "किती दिवस?"

मला फार काही नको. एक बॅग हवी. माझी, आणि माझ्याकडेच राहणारी.

•

पहिली बॅग आम्ही फोटोवरून केली. शैला मॅडमनी मोबाईलवर दाखवली. एक उंच बाई, खांद्याला तपकिरी बॅग. किंमत वाचून महानंदा म्हणाली, "अय्यो, एवढ्यात दुभती म्हैस येते की!"

मॅडम म्हणाल्या, "आपण घरी करू. सगळं प्रमाणावर असतं."

फोटोत माप कुठलं? मॅडमनी बघून ठरवलं की बॅगेची उंची म्हणजे त्या बाईच्या काखेपासून कमरेपर्यंत, आणि रुंदी म्हणजे तिच्या पोटाएवढी. मग टेप घेऊन माप कुणाचं घ्यायचं? जवळ महानंदा उभी होती. घेतलं तिचं!

तीन आठवडे शिवत होतो. पूर्ण झाली तेव्हा ती बॅग सोफ्यावर एकटीच बसली आणि सोफा भरला.

आमचे हे पंचायत समितीतून घरी आले. चप्पल काढता काढता थांबले. म्हणाले, "गावाला जायलीस का? मला पण ह्यातच बसवून ने, तिकीट वाचंल."

शैला मॅडमनी मोबाईलवरचा फोटो पुन्हा काढून बघितला. म्हणाल्या, "ती फोटोतली बाई फारच बारीक असणार."

तरी मी खूश होते. माझी पहिली बॅग! चारच दिवसांनी लातूरहून कुसुमआक्का आल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांनी बॅग उचलली, उघडली, आत डोकं घालून बघितली.

"सुनंदा, ह्यात माझ्या कुरडया, पापड, सांडगे सगळं बसतंय बघ."

माहेरी आलेल्या लेकीनं काही मागितलं तर नाही म्हणू नये, हे माझ्या आईनं मला शिकवलं होतं. आईचं एवढंच सांगायचं राहून गेलं, की ती दर दोन महिन्यांनी आली तर काय करायचं.

मी बॅग दिली. आक्का पायरी उतरताना म्हणाल्या, "तुला काय, तू दुसरी करशील!"

हे वाक्य लक्षात ठेवा. मी तर विसरूच शकत नाही.

•

चामडं आम्ही मद्रासकडून पार्सलनं मागवतो. बाभळीच्या सालीत कमावलेलं, भाकरीच्या रंगाचं. दिसायला देखणं, पण नाजूक. पाण्याचा थेंब पडला तरी तो पिऊन टाकतं आणि डाग दाखवत बसतं.

एकदा पार्सल नेमकं शनिवारी आलं. शनिवारी चामडं घरात घेत नाहीत. हे मलाही माहीत होतं, पण मी म्हटलं असतं चालतंय. महानंदा मात्र दारात आडवी उभी राहिली.

"ताई, शनिवार हाय. उंबऱ्याच्या आत न्हाई यायचं."

पार्सलवाला म्हणाला, "मावशी, मग उद्या येऊ का? उद्या सुट्टी असते. परवा गाडी दुसऱ्या लाईनीला जाते."

"तू बाहेर ठेव. आम्ही उद्या घेऊ."

ठेवलं. पाण्याच्या टाकीमागं, वर पोतं टाकून, पोत्यावर वीट. रविवारी सकाळी बघितलं तर वीट एकीकडं, पोतं एकीकडं, आणि गल्लीतलं कुत्रं चामड्याचा कोपरा चघळत डोळे मिटून पडलेलं. इतकं सुखी जनावर मी आयुष्यात बघितलं नाही.

महानंदा रडकुंडीला आली. "शनीचीच बाधा!"

भाभींनी तुकडा उजेडात धरून बघितला. म्हणाल्या, "शनी का नाम कायकू खराब करते? दात तो कुत्तेके हैं."

ज्या भागात दातांचे ठसे होते, त्याची बॅग कुणाला देणार? तिघींनी एकमतानं मला दिली. ठशांवर मी बाहेरून एक खिसा बसवला. झकास दिसायला लागली! मनात म्हटलं, कुत्र्यानं उष्टावलेली बॅग तरी कुणी नेणार नाही.

शेजारच्या काकूंची मुलगी मुलाखतीला चालली होती. "मावशी, एका दिवसापुरती द्या ना." दिली. ती पास झाली, नोकरी लागली. पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "बॅगेचा पायगुण आहे मावशी! आता मी हीच वापरणार."

पेढा तोंडात होता. मी नुसती मान हलवली.

काकू म्हणाल्या, "तुम्हाला काय, तुम्ही दुसरी कराल."

•

ब्लाउज आणि बॅग यांत काय फरक, असं मला लोक विचारतात. ब्लाउजची शिवण चुकली तर उसवता येते. बाई जाड झाली तर सोडता येते, बारीक झाली तर घेता येते. चामड्याला भोक पडलं की पडलं. ते विसरत नाही. म्हणून आम्ही आधी काट्याच्या चाकानं खुणा करतो, मग आरीनं भोक पाडतो, मग दोन सुया. एक टाका म्हणजे तीन कामं. एका बॅगेला असे हजारावर टाके जातात. संध्याकाळी भाकरी थापताना बोटं मिटत नाहीत. ह्यांना वाटतं मी रागानं जोरात थापते.

भाभींची शिस्त कडक. टाका तिरका गेला की अंगठ्यातलं अंगुस्तान टकटक करत टेबलावर वाजवतात. बोलत काही नाहीत. तेच जास्त लागतं.

बॅग मजबूत आहे का, हे त्या एकाच पद्धतीनं तपासतात. आत पाट्यावरचा वरवंटा ठेवायचा आणि पट्टा धरून झोका द्यायचा. एकदा एक नवी गिऱ्हाईक बाई आली होती. कॉलेजात शिकवणारी, बोलायला मऊ. तिनं विचारलं, "टिकेल ना हो पट्टा?"

भाभी म्हणाल्या, "घोड्यानं ओढला तरी तुटायचा नाय."

बाई हसली. "अहो, पण मी काही घोडा नाही."

भाभींनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नवकरी करते?"

"हो."

"घर का खाना भी तुमीच बनाते?"

"हो."

"भाजी, किराणा, बच्चे का दप्तर?"

"मीच."

"तो फिर येच पट्टा लो."

बाईनं मुकाट्यानं बॅग घेतली. ती मी माझ्यासाठी शिवलेली होती, हे सांगायचं राहिलंच.

•

आता खंडेनवमीचा किस्सा. हा नीट ऐका.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आमच्याकडं हत्यारं म्हणजे चामडं कापायची रापी, आरी, हातोडी, शिलाई मशीन. महानंदानं सगळी पाटावर मांडली, झेंडू वाहिला, हळदी-कुंकू लावलं. मी स्वयंपाकघरात पुरणाला बसले होते. बाहेर आले तर टेबलावर एका डॉक्टरीणबाईंची ऑर्डरची बॅग, तयार, पुसून ठेवलेली. आणि तिच्यावर महानंदाची हळदीची पाच बोटं! ओल्या हाताची! आणि वर मधोमध कुंकू.

"महानंदा! हे काय केलंस?"

"पूजा की, ताई. हत्यारांची केली, मग त्यांनी जे केलं त्याची नको?"

तिचंही काही चुकलं नव्हतं. घरात नवी मोटारसायकल आली तर लावतोच ना आपण? फ्रीजला लावतो. पण फ्रीज हळद पीत नाही. बाभळीचं चामडं पितं.

मी ओल्या फडक्यानं पुसलं, तर डाग पसरला. मग महानंदानं धावत जाऊन साबण आणला आणि घासला. आमच्या डोळ्यांदेखत पिवळी बोटं लालभडक झाली. फेससुद्धा लाल! बघितलं तर वाटावं, घरात कुणाचा खून झालाय.

महानंदा मटकन खाली बसली. "देवी कोपली!"

तेवढ्यात शैला मॅडम आल्या. बॅग बघून शांतपणे म्हणाल्या, "साबण लावला वाटतं. साबणानं हळद लाल होते. सातवीच्या मुलांना मी दरवर्षी करून दाखवते."

महानंदा उसळून म्हणाली, "अवो, मग आमाला कधी दाखवायचं?"

भाभी उशिरा आल्या. घरात सुतक पडल्यासारखं सगळं. त्यांनी बॅग फिरवून बघितली. तोंडावर पदर धरला, पण डोळे हसत होते. "हल्दी तो लग गई ना? अब रोको नक्को, बिदाई कर डालो!"

बिदाई काही झाली नाही. डॉक्टरीणबाईंना आम्ही दुसरी करून दिली. डागाची बॅग बरेच दिवस खुंटीला लटकत राहिली. कुणी नेईना. गिऱ्हाइकं बघायची आणि ‘ही पूजेची दिसते’ म्हणून बाजूला सारायची. दिवाळीला कुसुमआक्का आल्या. सवयीप्रमाणं त्यांचा हात आधी खुंटीकडं गेला. बॅग काढली, उलटी केली, आणि चटका बसल्यासारखी परत टांगली.

"नको ग बाई. पूजलेली वस्तू घराबाहेर न्यायची नसती. त्या घरची लक्ष्मी जाती तिच्यासंगं."

महानंदानं ती शेवटी स्वतःच्या खांद्याला लावली. तिनंच पूजा केली, तिचीच लक्ष्मी. गेली तीन वर्षं ती त्यातून मेथी, कोथिंबीर, पोथी, छत्री सगळं नेते. आमच्या चौघींत स्वतःची बॅग असलेली ती एकटीच.

•

एकदा मात्र मी हट्ट केला. एक बॅग झाली त्या दिवशीच खांद्याला अडकवली आणि कुणाला दाखवली सुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी लातूरला जायचं होतं, आक्कांच्या नातीचं बारसं. मी म्हटलं, खांद्यावरची बॅग कोण मागतं? अंगावरची साडी मागतं का कुणी?

बसमध्ये गर्दी होती. खिडकी बंद. लोह्याच्या पुढं गेल्यावर एक म्हातारबाबा नाक वर करून हुंगायला लागले.

"कुणाचं पायताण भिजलंय का वो?"

नव्या चामड्याला वास असतो. मला सवय झालीय, म्हणून येत नाही. सगळे आपापल्या चपला बघायला लागले. एक बाई म्हणाली, "शेळी चढली असंल मागून." कंडक्टर खरोखर मागच्या सीटपर्यंत शेळी बघून आला! मी बॅग पदराखाली घेतली, तर पदरालाच वास. अहमदपूरला माझ्या शेजारची बाई उठून उभी राहिली. म्हणाली, "उतरायला आलंय माझं." तिचं तिकीट लातूरचं होतं, मी बघितलं होतं.

मी बिचारी मांडीवर बॅग घेऊन, मान खाली घालून बसले. पण खरं सांगते, बोटं मात्र पट्ट्यावरून फिरत होती.

बारसं छान झालं. आक्कांनी बॅगेकडं बघितलं नाही. जेवणं झाली, पान झालं, मी निघायला उठले, आणि त्या म्हणाल्या, "सुनंदा, माझ्या विहीणबाईला काहीतरी द्यायला पाहिजे होतं बघ. लई मानापानाची बाई हाय. आता ह्या वेळेला मी दुकानात कुठं जाऊ?"

डोळे माझ्या खांद्यावर.

मी चष्मा काढला. आधार कार्ड काढलं. रुमाल, खडीसाखरेची पुडी, बसचं सुट्टं, कंबरदुखीच्या गोळ्या. आक्कांनी सगळं स्वतःच्या हातानं एका मिठाईच्या कॅरीबॅगमध्ये भरून दिलं आणि गाठ मारली.

"तुला काय, तू दुसरी करशील!"

परतीच्या बसला कुणालाच वास आला नाही.

•

भाभींना हे कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. मराठी-उर्दू एक करून बोलल्या.

"सुनंदा भाभी, मेरे अब्बा सांगायचे, घोडा किती बी गरीब असू दे, पाठीवरचं खोगीर तो दुसऱ्याला देत नाही. तुमी तो घोडे से भी गरीब!"

महानंदा म्हणाली, "न्हाई म्हणायला शीक ना, ताई. म्हण बघू. न्हाई."

"नाही," मी म्हणाले.

"जोरात."

"नाही!"

"आता मी आक्का हाय असं समज. सुनंदा, ही बॅग लई छान हाय गं."

"घ्या ना," मी म्हणाले.

शैला मॅडमनी कपाळावर हात मारला. "हिला पूरक परीक्षेलासुद्धा बसवू नका."

•

आणि आता गेल्या चैत्रातली गोष्ट.

एका पार्सलात असा एक तुकडा आला होता, की भाभींनी तो गुंडाळून कपाटावर ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याला कुणी हात लावायचा नाय. ये सुनंदा भाभी का." एक डाग नाही, एक सुरकुती नाही. दिवाळीपासून मी त्यावर काम करत होते. रोज थोडं. कुठल्या फोटोतलं नाही, मॅडमचं प्रमाण नाही. माझ्या हाताला, माझ्या खांद्याला, माझ्या चष्म्याच्या डबीला बसेल असं माप. आत अस्तराला आईच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ लावला. आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्या लुगड्याचं काय करावं हे मला कधी सुचलं नव्हतं, ते ह्या बॅगेपाशी सुचलं.

हा तुकडा दुसरा नव्हता. ते लुगडंही दुसरं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझी बोटंही आता पहिल्यासारखी राहिली नाहीत. सुई ओवायला महानंदाला सांगावं लागतं.

गुरुवारी दुपारी शेवटचा टाका घातला. भाभींनी बॅग घेतली. कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. अंगुस्तान वाजलं नाही. म्हणाल्या, "अब्बा के हाथ की लगती." आणि उठून पाणी प्यायला आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या.

बॅग खुंटीला लागली. "ही कुणाची?" असं त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात ह्यांचा फोन. "अगं, आक्का यायल्यात उद्या. आठ दिवस ऱ्हाणार म्हणं."

चौघींनी एकदम खुंटीकडं बघितलं.

महानंदा म्हणाली, "ताई, गव्हाच्या कोठीत घाल. वरून गहू."

"मेरे घर भेज दो," भाभी म्हणाल्या. "आठ दिन मेरी मेहमान."

शैला मॅडम म्हणाल्या, "माझ्या शाळेच्या कपाटात ठेवते. कुलूप आहे."

मी नको म्हणाले. आज आठ दिवस लपवीन. पुढच्या दोन महिन्यांनी? जत्रेला, दिवाळीला? आयुष्यभर स्वतःच्या घरात स्वतःची बॅग चोरासारखी लपवत बसू का? राहू दे खुंटीलाच. त्या तिघी एकमेकींकडं बघत घरी गेल्या. जाताना महानंदानं खुंटीवरच्या बॅगेला हात जोडले. अंत्ययात्रा बघितल्यासारखे.

शुक्रवारी दुपारी एकच्या बसनं आक्का आल्या. त्या तिघीही त्या दिवशी वेळेच्या आधीच येऊन बसल्या होत्या. कुणाच्या हातात काम नव्हतं. मी वरण फोडणीला टाकून बाहेर आले, डोक्यावरून पदर घेतलेला, हात पदरात.

आक्का पाणी प्यायल्या. उन्हाची चौकशी झाली, गुडघ्यांची झाली. मग त्या उठल्या.

"अगं बाई! ही कुणाची गं, सुनंदा? काय सुरेख!"

खुंटीवरून बॅग काढली. वास घेतला. आत हात घालून अस्तर बघितलं. खांद्याला लावली. महानंदानं डोळे मिटले.

मग आक्कांनी बॅग उलटी केली.

मागच्या बाजूला पाच बोटं. पिवळीधमक, आतपर्यंत मुरलेली. आणि वर कुंकू.

आक्कांनी बॅग हळूच खांद्यावरून उतरवली आणि जिथली तिथं टांगली. मग महानंदाकडं वळल्या.

"तुझंच काम न्हवं हे? दिसली वस्तू की लाव हळद!"

"अय्यो, न्हाई हो आक्का!" महानंदा उठून उभीच राहिली. "माझ्या हाताची बोटं बघा की केवढी! ती बोटं बारीक हायती. आन् खंडेनवमी कुठं, चैत्र कुठं! आईशप्पथ, मी न्हाई..."

टेबलाखालून काहीतरी हललं. महानंदा ‘आई गं’ म्हणून खाली बसली. भाभी छताकडं बघत होत्या.

"मग कुणी केलं?" आक्का म्हणाल्या.

भाभींनी आरी उचलून पुसायला घेतली. आक्कांनी सुस्कारा सोडला. "जाऊ दे. पूजलेली हाय, आता काय करणार. सुनंदा, भूक लागली बघ. चल, हात धुऊन घे आन् वाढ. मी बी धुते." आणि त्या पदर खोचत मोरीकडं निघाल्या.

मीही निघाले. हात अजून पदरातच.

शैला मॅडम खुर्चीवरून उठल्या. सातवीच्या वर्गावर जाताना उठतात तशाच शांतपणे. आमच्या पुढं होऊन त्यांनी मोरीवरचा साबण उचलला, रुमालात गुंडाळला आणि आपल्या पर्समध्ये टाकला.

"आक्का," त्या म्हणाल्या, "आज नुसत्या पाण्यानंच धुवा."